थरथरणाऱ्या नळ्या आणि कामगारांचा जाणण्याचा हक्क

मार्च 2025 मध्ये रायपूर येथे झालेल्या ऊर्जा गुंतवणूकदारांच्या परिषदेत एनटीपीसीने छत्तीसगडमध्ये 4200 मेगावॅटचा अणुवीज प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव मांडला. त्यासाठी सुमारे 80 हजार कोटी रुपयांचा आकडा जाहीर झाला. त्याआधी, डिसेंबर 2024 अखेर, न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने 220 मेगावॅटच्या लहान अणुभट्ट्यांसाठी खाजगी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले होते. जमीन, पाणी व भांडवल उद्योगाने द्यावे, भट्टी कॉर्पोरेशनने चालवावी आणि वीज त्या उद्योगाने स्वतःसाठी वापरावी, अशी ती योजना. डिसेंबर 2025 मध्ये तर खाजगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राचे दार उघडणारे विधेयकच संसदेने संमत केले. पोलाद आणि सिमेंट हे भरमसाठ वीज लागणारे धंदे. अहिवारा, नंदिनी, जामुल, भिलाई हा सारा पट्टा याच दोन धंद्यांवर जगत आला आहे. तेव्हा अणुवीज ही तारापूर किंवा कल्पाक्कमची गोष्ट, आपला तिच्याशी काय संबंध, असे म्हणण्याची सोय येथील कामगाराला आता उरलेली नाही.

अणुवीज म्हटले की चर्चा एकतर बॉम्बकडे वळते नाहीतर स्वस्त विजेकडे. कारखान्याच्या आत काय झिजते, काय तुटते, ते कोण तपासतो आणि कोण दुरुस्त करतो, यावर सभेत कोणी बोलत नाही. या अंकात आम्ही मुद्दाम एका लहानशा वस्तूविषयी लिहीत आहोत. ती वस्तू म्हणजे स्टीम जनरेटरमधील नळी.

अणुभट्टीत इंधन तापते आणि त्याभोवतीचे पाणी ती उष्णता घेऊन बाहेर येते. हे पाणी किरणोत्सारी असते, म्हणून ते टर्बाइनकडे थेट पाठवत नाहीत. ते स्टीम जनरेटर नावाच्या उंच पोलादी पात्रातील हजारो नळ्यांमधून फिरवतात. नळ्यांच्या बाहेरून दुसरे, स्वच्छ पाणी वाहते. नळीच्या भिंतीतून उष्णता त्याला मिळते, त्याची वाफ होते आणि ती वाफ टर्बाइन फिरवते. आपल्याकडच्या जड पाण्याच्या भट्ट्यांमध्येही हीच रचना असते. या नळ्या हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये ओढल्या जातात आणि जनरेटर तिरुचिरापल्लीच्या भेलसारख्या कारखान्यांत कामगारांच्या हातून तयार होतात.

या नळीची जाडी किती असते? साधारण एक मिलिमीटर. उष्णता लवकर पलीकडे जावी म्हणून भिंत पातळ ठेवावी लागते. आणि हीच पातळ भिंत किरणोत्सारी पाणी व बाहेरचे जग यांच्यामधला बांध असते. आत दाब जास्त, बाहेर कमी. नळी फुटली की आतले पाणी वाफेच्या बाजूला घुसते आणि तेथून त्याची वाट सरळ टर्बाइन हॉलकडे, म्हणजे कामगार उभा असतो तिकडे जाते.

आता थरथरीकडे वळू. शिवनाथला पूर आला की पाण्यात रोवलेली काठी थरथरते, हे दुर्गच्या पोरालाही माहीत आहे. काठीच्या मागे पाण्याचे भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि काठी त्या तालावर हलते. स्टीम जनरेटरमध्येही पाणी आणि वाफ नळ्यांच्या जुडग्याला आडवी जाते. साध्या खळबळीने नळ्या थोड्या हलतात. ते सोसण्याजोगे असते. खरा धोका वेगळा आहे. प्रवाहाचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की एका नळीच्या हलण्याने तिच्याभोवतीचा प्रवाह बदलतो आणि तो बदललेला प्रवाह शेजारच्या नळीला ढकलतो. ती हलली की पहिलीला आणखी जोर मिळतो. झोका योग्य क्षणी ढकलत राहिले की तो वर वर जातो, तसा हा प्रकार. मर्यादेच्या आत असेतो काही दिसत नाही आणि ती ओलांडली की हलणे एकदम वाढते. नळी जेथे उलट्या यू अक्षरासारखी वळते त्या माथ्याच्या भागात हा धोका सर्वांत जास्त असतो. तेथे पाणी कमी आणि वाफ अधिक असते, वेग जास्त असतो आणि हलणे शमवणारा पाण्याचा आधार नसतो. म्हणून माथ्यावर नळ्यांच्या रांगांमध्ये धातूच्या पट्ट्या घालतात. त्यांना कंपनरोधक पट्ट्या म्हणू. त्या नीट बसल्या तर नळी स्थिर राहते. त्या कमी पडल्या किंवा सैल राहिल्या तर नळी पट्टीवर घासते, झिजते, नाहीतर लाखो वेळा वाकून थकते आणि एक दिवस तुटते.

हे पुस्तकी भय नाही. 15 जुलै 1987 रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील नॉर्थ ॲना केंद्रात एक नळी सर्वांत वरच्या आधारपट्टाजवळ तुटली. तपासात कारण निघाले ते प्रवाहामुळे होणारे कंपन आणि त्यातून आलेला धातूचा थकवा. 9 फेब्रुवारी 1991 रोजी जपानमध्ये कान्साई इलेक्ट्रिक कंपनीच्या मिहामा केंद्रातील दुसऱ्या भट्टीची एक नळी आरपार तुटली, सुमारे 55 टन पाणी दुसऱ्या बाजूला गेले आणि आणीबाणीची शीतन यंत्रणा चालू करावी लागली. चौकशीत दिसले की कंपनरोधक पट्ट्या आराखड्यात होत्या तेवढ्या आत घातल्याच गेल्या नव्हत्या. आराखडा बरोबर होता, पण जोडणी चुकली आणि ती चूक दोन दशके कोणी उघडून पाहिली नाही. जीवितहानी झाली नाही, हे सुदैव.

तिसरे उदाहरण कामगार चळवळीने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांच्या मधल्या सॅन ओनोफ्रे केंद्रात 2009 ते 2011 या काळात दोन भट्ट्यांचे चारही स्टीम जनरेटर बदलण्यात आले. खर्च सुमारे 67 कोटी डॉलर. नवे जनरेटर जपानच्या मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजने बनवले होते. जुन्या जनरेटरमध्ये 9350 नळ्या होत्या, नव्यात 9727 बसवल्या. जागा तीच आणि नळ्या जास्त. 31 जानेवारी 2012 रोजी, नवे जनरेटर चालू होऊन वर्षही झाले नव्हते, तोच तिसऱ्या भट्टीत गळती लागली. तपासणीत नळ्या एकमेकींवर घासून झिजलेल्या आढळल्या. दाबाच्या चाचणीत आठ नळ्या टिकल्या नाहीत. आराखड्याच्या वेळी संगणकावर केलेल्या गणिताने प्रवाहाचा वेग प्रत्यक्षापेक्षा फार कमी दाखवला होता. पट्ट्या नळ्यांना एका दिशेने धरून ठेवत होत्या, पण नळ्या आपल्याच वळणाच्या पातळीत हलू लागल्या आणि त्या दिशेने त्यांना कोणी धरलेले नव्हते. त्यातही एक विचित्र गोष्ट अशी की तिसऱ्या भट्टीच्या जनरेटरची जोडणी दुसरीपेक्षा अधिक काटेकोर झाली होती. त्यामुळे पट्ट्या नळ्यांना कमी दाबत होत्या आणि नळ्यांना हलायला अधिक मोकळीक मिळाली.

7 जून 2013 रोजी कंपनीने दोन्ही भट्ट्या कायमच्या बंद केल्याचे जाहीर केले. तेथे सुमारे 1500 कर्मचारी होते, ते कमी करून सुमारे 400 ठेवायचे ठरले. गणित चुकले ते आराखडा करणाऱ्यांचे. त्यावर मान डोलावली ती व्यवस्थापनाने. घरी गेले ते मात्र कामगार. कामगार बंधूंनो, एक मिलिमीटर जाडीच्या नळीच्या थरथरीने हजारावर नोकऱ्या गेल्या, ही गोष्ट कोणत्याही वेतनकराराच्या वाटाघाटीला बसण्यापूर्वी आठवण्यासारखी आहे.

आपल्या महाराष्ट्रातही नळ्यांची किंमत मोजली गेली आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 मध्ये वीज देऊ लागल्या. देशातले ते पहिले अणुवीज केंद्र. प्रत्येकीची क्षमता 210 मेगावॅट होती. त्यांच्या रचनेत दुय्यम स्टीम जनरेटर होते आणि त्यांच्या नळ्यांना गळती लागत राहिली. अखेर 1980 च्या दशकाच्या मध्यात ते जनरेटर बाजूला काढले गेले आणि प्रत्येक भट्टी 160 मेगावॅटवर आली. नळ्या गळण्याची कारणे अनेक असतात. गंज, रासायनिक तडे, झीज, कंपन, सारेच त्यात येते. तारापूरचे नाव आम्ही येथे घेतो ते कंपनाचा पुरावा म्हणून नव्हे, तर नळ्या हातच्या गेल्या की काय जाते हे दाखवण्यासाठी. दोन भट्ट्या मिळून 100 मेगावॅट वीज कायमची गेली. आणि ती जाण्यापूर्वीच्या वर्षांत गळक्या नळ्या शोधण्याचे, त्यांना बूच मारण्याचे काम किरणोत्साराच्या जागी जाऊन माणसांनीच केले.

या कामाविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. भट्टी बंद असताना नळ्यांची तपासणी होते. नळीत एक बारीक वेटोळे सरकवून विजेच्या भोवरी प्रवाहाने भिंतीची जाडी मोजतात. ज्या नळीची भिंत ठरलेल्या मर्यादेपलीकडे झिजली असेल तिची दोन्ही तोंडे बंद करतात. आज बरेचसे मोजमाप यंत्रमानव करतो हे खरे, पण यंत्रमानव बसवायला, काढायला, अडकला तर सोडवायला माणूसच जातो. अमेरिकेत एकेकाळी जनरेटरच्या खालच्या कप्प्यात काही मिनिटांसाठी उतरणाऱ्या कामगाराला ‘जम्पर’ म्हणत. आत उडी मारायची, काम करायचे, बाहेर यायचे आणि आपल्या वाट्याचा किरणोत्सार घेऊन घरी जायचे. कायम कामगाराचा डोस वाचावा म्हणून तात्पुरता माणूस आणायचा, ही रीत तेथे रूढ होती. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने कामगाराच्या डोसला मर्यादा घातली आहे, पाच वर्षांत 100 मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30. मर्यादा आहे हे चांगलेच. पण ज्याचा ठेकेदार दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याच्या पाच वर्षांच्या डोसची बेरीज त्याच्या हाती कोण देणार?

भिलाईच्या पट्ट्याला हा प्रश्न नवा नाही. 4 फेब्रुवारी 1959 रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि नंदिनीची चुनखडी तिच्या पोटात जाऊ लागली. तेव्हापासून येथील माणसाने धातू, दाब, वायू आणि वाफ यांच्याशी संसार केला आहे. आणि 12 जून 2014 चा दिवस येथे कोणी विसरलेले नाही. भिलाई पोलाद कारखान्यात पाण्याच्या पंपघराकडील जलवाहिनी तुटली, पाण्याचा दाब गेला आणि झोतभट्टीचा विषारी वायू उलटा फिरला. सहा माणसे गेली. त्यांत दोन वरिष्ठ अधिकारीही होते. पाण्याची एक नळी तुटली आणि मृत्यू आला तो वायूच्या रूपाने. मोठ्या कारखान्यात बिघाड जेथे होतो तेथेच माणूस मरतो असे नसते. म्हणून आपल्या खात्यापुरते पाहून चालत नाही.

याच्या जोडीला मिहामाचीच आणखी एक नोंद ठेवावी. 9 ऑगस्ट 2004 रोजी त्याच केंद्राच्या तिसऱ्या भट्टीत टर्बाइन इमारतीतील एक मोठा पाइप फुटला. हे कंपन नव्हते. वाहत्या पाण्याने आतून पाइप खात आणला होता. दहा मिलिमीटरची भिंत दीड मिलिमीटरच्याही खाली आली होती. 1976 मध्ये केंद्र सुरू झाल्यापासून त्या जागेची तपासणी झालीच नव्हती, कारण ती तपासणीच्या यादीत नव्हती. उकळत्या पाण्याने आणि वाफेने अकरा कामगार भाजले, त्यांतले पाच दगावले. ते सारे बाहेरच्या कंपनीचे कामगार होते. नियमित बंदकाळाची तयारी करायला ते आले होते. भट्टी अजून चालूच होती. बंदकाळ लवकर उरकावा म्हणून चालू भट्टीशेजारी माणसे आधीच आणून ठेवायची, हा हिशेब कोणाच्या फायद्याचा होता, ते सांगायला नको.

व्यवस्थापनाचे नेहमीचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. हा तज्ज्ञांचा विषय आहे, संघटनेने वेतन आणि बोनसवर बोलावे. यावर आमचे म्हणणे असे. गणित तज्ज्ञांनीच करावे, त्यांच्या विद्येचा आम्हाला आदर आहे. पण सॅन ओनोफ्रेचे गणित तज्ज्ञांचेच होते आणि मिहामाच्या पट्ट्या कागदावर बरोबरच होत्या. कागद आणि प्रत्यक्ष जोडणी यांच्यात जे अंतर पडते ते हाताने काम करणाऱ्यालाच प्रथम दिसते. पट्टी बसवताना ती सैल आहे हे फिटरला कळते. पंपाचा आवाज बदलला हे ऑपरेटरच्या कानाला कळते. 31 मार्च 1993 रोजी नरोऱ्याला टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबल जळाल्या आणि साऱ्या केंद्राची वीज गेली, तेव्हा अंधारात हातबत्ती घेऊन भट्टीच्या इमारतीवर चढणारे आणि हाताने झडपा उघडून भट्टीत बोरॉन सोडणारे तेथील कर्मचारीच होते. संकटात ज्याच्यावर विसंबता, त्याला शांततेच्या काळात माहिती द्यायला का कचरता?

आमचा विरोध विजेला नाही आणि विज्ञानाला तर मुळीच नाही. छत्तीसगडच्या तरुणाला काम हवे आहे आणि कारखान्यांना वीज हवी आहे. पण प्रकल्पाचा दगड बसण्यापूर्वी, करारनाम्यांवर सह्या होण्यापूर्वी, काही गोष्टी लेखी ठरल्या पाहिजेत. भट्टी चालू झाल्यावर मागणी करणे म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट मागणे होय.

पहिली गोष्ट. स्टीम जनरेटरच्या प्रत्येक तपासणीचा निकाल, किती नळ्या झिजल्या, किती बंद केल्या, कोठे घासल्याच्या खुणा आढळल्या, हे सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधींसमोर ठेवले पाहिजे, आणि त्यांना समजेल अशा भाषेत ठेवले पाहिजे.

दुसरी गोष्ट. नवी यंत्रे चालू झाल्यावर पहिली तपासणी लवकर व्हावी. सॅन ओनोफ्रेच्या तिसऱ्या भट्टीत दोष वर्षाच्या आत उघडा पडला. नवे आहे म्हणून निर्धोक आहे, हा समज सोडला पाहिजे.

तिसरी गोष्ट. बंदकाळाचे दिवस कामाच्या गरजेवरून ठरावेत, विजेच्या विक्रीवरून नव्हे. तपासणी करणाऱ्यावर वेळेचे ओझे टाकले की तो जे पाहायचे ते पाहत नाही.

चौथी गोष्ट. तपासणी आणि दुरुस्तीचे काम कायम, प्रशिक्षित कामगारांकडे असावे. ठेक्यावर माणूस घ्यावाच लागला तर त्याच्या किरणोत्साराच्या डोसची नोंद ठेकेदाराच्या खिशात न राहता त्या माणसाच्या नावाने राहावी आणि काम संपताना तिची प्रत त्याच्या हातात पडावी.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्या कामगाराला धोका दिसतो त्याला काम थांबवण्याचा हक्क असावा आणि त्याबद्दल त्याच्यावर कारवाई होऊ नये. सैल पट्टी पाहूनही जो गप्प बसतो तो भित्रा असतो असे नाही. बोलल्यावर काय होते हे त्याने पाहिलेले असते. ती भीती काढणे हे संघटनेचे काम आहे.

अहिवारा-नंदिनीच्या पट्ट्यातील शाखांनी येत्या सभांमध्ये हा विषय घ्यावा. बॉयलरवर काम केलेले, ट्यूब फुटलेली पाहिलेले सेवानिवृत्त बांधव येथे घरोघरी आहेत. त्यांना बोलवावे, त्यांचे अनुभव लिहून घ्यावेत. प्रकल्प या जिल्ह्यात येवो अथवा दूर कोठे, त्याच्या बांधणीला आणि बंदकाळाला माणसे लागतील, आणि ती बहुतांशी आपल्यासारख्याच वस्त्यांतून जातील. नळीची भिंत एक मिलिमीटरची असते. तिच्या अलीकडे उभे राहणाऱ्या माणसाला ती किती उरली आहे हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तो करारात लिहून घेतल्याशिवाय कोणीही त्या भिंतीजवळ उभे राहू नये.